समुद्रावर आपले स्थान कसे ठरवावे : जुन्या आणि नव्या साधनांची सांगड

१० जून १९९५ च्या रात्री ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनकडे जात असताना नँटकेट बेटाच्या पूर्वेला उथळ वाळूत रुतले. बर्म्युडा सोडल्यावर साधारण तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली होती. उपग्रहांचे संकेत थांबताच त्या उपकरणाने होकायंत्र आणि वेगमापक यांच्या आकड्यांवरून अंदाजी स्थान दाखवायला सुरुवात केली, तशी बारीक खूणही पडद्यावर उमटली, आणि स्वयंचलित सुकाणू मुकाट्याने त्याच आकड्यांमागे जात राहिले. वारा आणि प्रवाह जहाजाला हळूहळू बाजूला लोटत होते, पण ते मोजणारे कोणी नव्हते. सुमारे ३४ तासांनी जहाज रुतले तेव्हा ते ठरलेल्या मार्गापासून १७ सागरी मैल दूर होते. जहाजावर लोरान-सी ही वेगळी रेडिओ यंत्रणा चालू होती, रडार होते, खोलीमापकही होता. मात्र त्यांची जीपीएसशी तुलना कोणी केली नाही, आणि खोलीमापकाची धोक्याची घंटा शून्य मीटरवर लावलेली होती.

ही घटना सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की नव्या साधनांवर विसंबू नका असा तिचा सरळसोट अर्थ नेहमी लावला जातो, आणि तो माझ्या मते चुकीचा आहे. साधन जुने आहे की नवे, यापेक्षा ते कोणत्या कारणाने चुकू शकते हा प्रश्न नाविकाने विचारला पाहिजे. दोन साधने एकाच कारणाने एकाच वेळी चुकणार असतील, तर ती दोन साधने नव्हेतच. पुढील पायऱ्या याच कसोटीवर मांडल्या आहेत. त्या प्रामुख्याने शिकाऊ नाविकासाठी आणि लहान नौका स्वतः चालवणाऱ्यासाठी लिहिल्या असल्या, तरी मोठ्या जहाजावर तत्त्व तेच राहते.

पहिली पायरी : निघण्यापूर्वी मार्ग आखणे

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सफरीच्या नियोजनाचे चार भाग पडतात : माहिती गोळा करून तिचे मूल्यमापन, आराखडा, अंमलबजावणी आणि सतत देखरेख. लहान नौकेवर हे चारही भाग एकाच माणसाला करावे लागतात, आणि म्हणूनच त्यांतला पहिला भाग बहुधा गाळला जातो.

नकाशा समोर घेतल्यावर आधी त्याचे वय पाहावे. किनाऱ्याजवळच्या बहुतेक सागरी नकाशांसाठी मर्केटरने १५६९ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात. तिच्यात स्थिर दिशेने जाणारा मार्ग सरळ रेषेत येतो, मात्र अंतराचे प्रमाण विषुववृत्तापासून दूर जाताना बदलत जाते. म्हणून अंतर मोजायचे ते नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेच्या अक्षांशपट्टीवर, आणि तेही आपण जेथे आहोत त्याच उंचीवर. अक्षांशाची एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १८५२ मीटर. वरच्या किंवा खालच्या कडेवरील रेखांशपट्टीवर अंतर मोजणे ही नवशिक्याची हमखास होणारी चूक आहे.

नकाशावरील खोलीचे आकडे किती विश्वासाचे आहेत हे त्यानंतर पाहावे. इलेक्ट्रॉनिक नकाशांत यासाठी विश्वासार्हतेची श्रेणी दिलेली असते. सर्वोत्तम ए-१ श्रेणीत वस्तूंची जागा ५ मीटर अधिक खोलीच्या ५ टक्के इतक्या मर्यादेत अचूक मानतात, तर सी श्रेणीत हीच मर्यादा ५०० मीटर असते. उपग्रहाने आपले स्थान पाचसहा मीटरांपर्यंत अचूक सांगितले, तरी शेजारचा खडकच नकाशावर अर्धा किलोमीटर सरकलेला असू शकेल, तर त्या अचूकतेचा उपयोग काय? जुन्या सर्वेक्षणांच्या प्रदेशात खडकापासूनचे अंतर आपल्या उपकरणाच्या नव्हे, तर नकाशाच्या अचूकतेवरून ठरवावे. कागदी नकाशा कोणत्या भूमापन संदर्भावर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याच्या कोणत्या प्रमाणावर, आधारलेला आहे हेही पाहावे लागते, कारण जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा संदर्भ वापरते आणि काही जुन्या नकाशांत फरक शेकडो मीटरांचा असू शकतो.

आता रेषा आखावी. प्रत्येक टप्प्याची दिशा, लांबी आणि लागणारा वेळ रेषेशेजारी लिहावा. जेथे जायचेच नाही असा भाग तिरप्या रेषांनी भरून टाकावा. उथळ जागी पाण्याची खरी खोली काढताना नकाशातील आकड्यात त्या वेळच्या भरतीची उंची मिळवावी. भरतीच्या वेळापत्रकात फक्त सर्वाधिक आणि सर्वांत कमी पाण्याची वेळ व उंची दिली असेल, तर बारा भागांचा जुना नियम कामी येतो : सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक बारांश इतके चढते. एकूण चढउतार ४.८ मीटर असेल तर पहिल्या तासात ०.४, दुसऱ्यात ०.८, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी १.२ मीटर पाणी वाढेल. जेथे दिवसातून एकदाच भरती येते किंवा खाडीच्या आकारामुळे पाण्याची लय बिघडते, तेथे हा नियम लावू नये.

मोठ्या जहाजाला आणखी एक हिशेब करावा लागतो. उथळ पाण्यात वेगाने जाणारे जहाज खाली बसते. मोकळ्या उथळ पाण्यात हे बसणे मीटरमध्ये साधारणपणे जहाजाच्या आकारगुणकाला (पाण्याखालचा भाग चौकोनी ठोकळ्याशी किती जुळतो ते सांगणारा आकडा) नॉटमधील, म्हणजे ताशी सागरी मैलांतील, वेगाच्या वर्गाने गुणून शंभराने भागले असता मिळते. आकारगुणक ०.८ आणि वेग १२ नॉट असेल तर जहाज सुमारे १.१५ मीटर बसेल. वेग निम्मा, म्हणजे ६ नॉट केला, तर केवळ ०.२९ मीटर. अरुंद कालव्यात हे आकडे दुप्पट धरतात. तळाशी अंतर कमी वाटू लागले की पहिला उपाय वेग कमी करणे हाच का, ते यावरून दिसते.

दुसरी पायरी : होकायंत्राला विचारण्यापूर्वी त्याची चूक विचारणे

चुंबकीय होकायंत्राला वीज लागत नाही, उपग्रह लागत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक नौकेवर ते आजही असायलाच हवे. पण ते खरी उत्तर दिशा दाखवत नाही. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून दूर असल्यामुळे पडणाऱ्या फरकाला दिक्पात म्हणतात. तो जागेनुसार आणि वर्षानुसार बदलतो, आणि नकाशावरील दिशाचक्रात तो वर्ष व वार्षिक बदल यांसह छापलेला असतो. दुसरा फरक नौकेवरील लोखंड आणि विजेच्या तारा यांमुळे पडतो. त्याला विचलन म्हणतात, आणि नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, ज्या दिशेला असेल त्याप्रमाणे ते बदलत जाते. म्हणून प्रत्येक नौकेचा विचलनाचा तक्ता वेगळा असतो.

समजा नकाशावर आखलेली खरी दिशा ०७२ अंश आहे, दिक्पात ६ अंश पश्चिम आहे आणि त्या दिशेसाठी विचलन २ अंश पूर्व आहे. खऱ्या दिशेकडून होकायंत्राकडे जाताना पश्चिम मिळवायचे आणि पूर्व वजा करायचे. ०७२ मध्ये ६ मिळवून ०७८ ही चुंबकीय दिशा आली आणि त्यातून २ वजा करून ०७६ आली. सुकाणूवरच्या माणसाला ०७६ सांगावे. होकायंत्रावर वाचलेला कोन नकाशावर आखायचा असेल तर हीच क्रिया उलटी करावी, म्हणजे पूर्व मिळवावे आणि पश्चिम वजा करावे. थकव्यात चिन्ह चुकते, म्हणून हिशेब केल्यावर उलट दिशेने एकदा पडताळून पाहण्याची सवय लावून घ्यावी. एका अंशाची चूक साठ मैलांत जवळजवळ एक मैल होते, आणि चिन्ह उलटे लागले तर वरच्या उदाहरणातील दिक्पाताची चूक दुप्पट, म्हणजे बारा अंशांची होईल.

विचलनाचा तक्ता पडताळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेत येताच त्यांची दिशा होकायंत्रावर वाचणे आणि नकाशावरील दिशेशी ताडून पाहणे. खुल्या समुद्रात हेच काम उगवता किंवा मावळता सूर्य करतो. वातावरणामुळे प्रकाश वाकतो, म्हणून सूर्यबिंबाची खालची कड क्षितिजापासून साधारण अर्ध्या व्यासाइतकी वर असताना दिशा वाचावी आणि नाविक पंचांगातील सूर्याच्या क्रांतीवरून (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतरावरून) काढलेल्या दिशेशी तिची तुलना करावी. होकायंत्राजवळ मोबाइल, ध्वनिवर्धक किंवा लोखंडी सुरी ठेवली गेली नाही ना, हेही रोज पाहावे. हे क्षुल्लक वाटते, पण गूढ वाटणाऱ्या कितीतरी चुकांचे मूळ याच जागी सापडते.

मोठ्या जहाजांवर चक्रगतीवर चालणारे जायरो होकायंत्र असते. १९०८ च्या सुमारास जर्मनीत आन्शुट्झ आणि पाठोपाठ अमेरिकेत स्पेरी यांनी ते वापरात आणले. ते खरी उत्तर दाखवते, पण त्याला वीज लागते, सुरू केल्यावर स्थिर व्हायला काही तास लागतात, आणि वेग व अक्षांश यांच्यामुळे पडणारी चूक त्यात दुरुस्त करावी लागते. प्रत्येक पाळीत जायरो आणि चुंबकीय होकायंत्र यांची तुलना करून नोंदवहीत लिहिणे हा त्यावरचा उपाय.

तिसरी पायरी : अंदाजी गणना कधीही न थांबवणे

शेवटचे खात्रीचे स्थान, तेव्हापासूनची दिशा, वेग आणि गेलेला वेळ यांवरून आताचे स्थान काढणे म्हणजे अंदाजी गणना. वेग मोजण्यासाठी पूर्वी दोरीला बांधलेली फळी पाण्यात टाकत आणि वाळूच्या घड्याळात वाळू संपेपर्यंत दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. २८ सेकंदांचे घड्याळ आणि ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ असे ते प्रमाण होते. गाठींची ती संख्या म्हणजेच ताशी सागरी मैल, आणि वेगाच्या एककाला ‘नॉट’ हे नाव त्यावरूनच मिळाले.

रीत अशी. दहा वाजता खात्रीचे स्थान मिळाले, दिशा ०७२, वेग ८ नॉट. पावणेअकराला नौका ८ गुणिले ०.७५ म्हणजे ६ मैल पुढे गेली. ०७२ च्या रेषेवर ६ मैलांवर खूण करावी आणि वेळ लिहावी. प्रवाह १६० अंशांकडे दीड नॉटने वाहत असेल, तर पाऊण तासात तो नौकेला सुमारे १.१ मैल तिकडे लोटेल. आधीच्या खुणेपासून त्या दिशेने १.१ मैल रेष ओढावी आणि टोकाला त्रिकोण काढावा. हे झाले अनुमानित स्थान. वाऱ्यामुळे नौका बाजूला सरकत असेल तर मागे राहिलेली पाण्याची रेघ आणि नौकेचा कणा यांतील कोन पाहून तेवढा फरक दिशेत आधीच धरावा.

जीपीएस चालू असताना हे करायचे कशासाठी, असे शिकाऊ मुले विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. अंदाजी गणना जीपीएसपेक्षा अचूक नसते. पण ती पूर्णपणे वेगळ्या कारणाने चुकते, म्हणून ती जीपीएसची साक्ष तपासू शकते. दोन्हींतला फरक हळूहळू एकाच दिशेने वाढत असेल तर तो बहुधा प्रवाह असतो. फरक अचानक मैलभराचा झाला, तर एका साधनात बिघाड आहे.

चौथी पायरी : किनारा दिसत असेल तर डोळे वापरणे

स्थानरेषा म्हणजे जिच्यावर आपण कोठेतरी आहोत अशी नकाशावरील रेषा. सर्वांत उत्तम स्थानरेषेला कोणतेही उपकरण लागत नाही. नकाशावरील दोन खुणा, उदाहरणार्थ दीपगृह आणि त्यामागचा मनोरा, डोळ्यांना एका रेषेत दिसल्या की आपण त्या रेषेवर आहोत. त्यात होकायंत्राची चूक शिरतच नाही. बंदराच्या तोंडाशी मार्गदर्शक दिवे एकामागे एक उभारतात ते याच तत्त्वावर.

तशी जोडी नसेल तेव्हा हातातल्या होकायंत्राने तीन खुणांच्या दिशा घ्याव्यात. खुणा एकमेकींपासून सुमारे साठ अंशांवर असाव्यात, जवळच्या खुणेला दूरच्या खुणेपेक्षा पसंती द्यावी, आणि तरंगत्या बोयाची दिशा घेऊ नये, कारण साखळीने बांधलेला बोया जागेवरून सरकलेला असू शकतो. नाळेच्या समोरील किंवा मागील खुणेची दिशा सावकाश बदलते, ती आधी घ्यावी. बाजूच्या खुणेची झपाट्याने बदलते, ती शेवटी घ्यावी आणि त्याच क्षणी वेळ लिहावी. दुरुस्ती करून तिन्ही रेषा नकाशावर आखल्या की बहुतेकदा एक लहान त्रिकोण तयार होतो. तो लहान असेल तर धोक्याला सर्वांत जवळ असलेला त्याचा कोपरा आपले स्थान समजावे. तो मोठा असेल तर कोपरा निवडत बसण्यापेक्षा पुन्हा दिशा घ्याव्यात, कारण बहुधा एखादी खूणच चुकीची ओळखली गेलेली असते. तीन रेषा एकाच बिंदूत मिळाल्या म्हणून फार आनंदून जाण्याचेही कारण नाही. होकायंत्राची समान चूक तिन्ही रेषांत असली आणि खुणांची मांडणी विशिष्ट असली, तर बिंदू नेटका येऊनही स्थान चुकू शकते.

एकच खूण दिसत असेल तर नाळेपासून तिचा कोन मोजावा आणि तो दुप्पट होईपर्यंत दिशा व वेग न बदलता जावे. त्या दरम्यान जेवढे अंतर कापले तेवढेच त्या खुणेपासूनचे अंतर. मात्र आडवा प्रवाह असेल तर हे उत्तर बिघडते. खडकाच्या बाजूने जाताना तर स्थान वारंवार आखण्यापेक्षा सीमादिशा जास्त उपयोगी. ‘दीपगृहाची खरी दिशा ०४० पेक्षा कमी होता कामा नये’ असे एक वाक्य नोंदवहीत लिहून ठेवावे आणि फक्त तेवढेच पाहत राहावे. रात्री, वाऱ्यापावसात, नकाशापाशी जायला सवड नसताना हे एक वाक्य नौका वाचवते.

दीपगृहाचा प्रकाश किती दुरून दिसू लागेल हे भूगोलावरून काढता येते. दिव्याची उंची आणि डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्यावी, प्रत्येकीचे वर्गमूळ काढावे, बेरीज करावी आणि २.०८ ने गुणावे. दिवा ४९ मीटर आणि डोळा ४ मीटर उंच असेल तर ७ अधिक २ म्हणजे ९, आणि उत्तर सुमारे १८.७ सागरी मैल. दिव्याचे तेज तेवढ्या अंतराला पुरणारे असेल, तर तो क्षितिजावर उगवताच दिशा आणि अंतर दोन्ही मिळून स्थान मिळते. मात्र दिवा ओळखताना त्याच्या उघडझापीचा काळ घड्याळावर मोजावा, मनात नव्हे. आपल्याला जो दिवा दिसायला हवा आहे तोच दिसतो असे वाटणे ही फार जुनी मानवी खोड आहे. ‘रॉयल मॅजेस्टी’वरही अपेक्षित वेळी रडारवर दिसलेला बोया वेगळाच होता, आणि तो हवा तोच मानला गेला.

खोली हीसुद्धा एक स्थानरेषा असते. पूर्वी शिशाचे वजन दोरीने सोडून किती वाव (खोलीचे जुने माप) पाणी आहे ते मोजत आणि वजनाच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरून तळाची वाळू, चिखल किंवा शिंपले वर आणत. नकाशावर तळाचा प्रकार आजही लिहिलेला असतो. इको साउंडर, म्हणजे ध्वनीवर चालणारा खोलीमापक, तो प्रकार सांगत नाही, पण खोली अखंड देतो. त्याचा आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासून, ध्वनिग्राहकापासून की नौकेच्या तळापासून मोजलेला आहे हे आधी तपासावे, भरतीची उंची वजा करावी आणि उत्तर नकाशाशी ताडावे. धोक्याची घंटा खऱ्या आकड्यावर लावावी.

पाचवी पायरी : उपग्रहाला काय विचारावे आणि काय विचारू नये

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक जण आपली वेळ व स्थान सांगत राहतो. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. चार उपग्रह लागतात, कारण अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्या जोडीला ग्राहकाच्या स्वस्त घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात राशी असते. वेळेत सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरांची होते. ही यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली, आणि नागरी वापरासाठी मुद्दाम घातलेली अशुद्धता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. आज ग्लोनास, गॅलिलिओ आणि बैदू याही यंत्रणा जोडीला आहेत. एकाहून अधिक यंत्रणा घेणारा ग्राहक असणे चांगले, परंतु त्या सर्वांचे संकेत सारखेच क्षीण असतात आणि जवळपासच्या वारंवारितांवर येतात, त्यामुळे जाणूनबुजून केलेल्या अडथळ्यात त्या एकत्रच बंद पडू शकतात. वर सांगितलेली कसोटी येथे तंतोतंत लागू पडते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसहून अधिक जहाजांची उपकरणे ती जहाजे जमिनीवरच्या एका विमानतळावर असल्याचे दाखवत होती. संकेत बंद पडला तर घंटा तरी वाजते, खोटा संकेत मात्र बिनबोभाट चालतो.

म्हणून रोजची रीत अशी ठेवावी. उपकरण उपग्रहावरून स्थान देत आहे की अंदाजाने, हे पडद्यावर पाहावे. नाळेची दिशा आणि तळाच्या संदर्भातील प्रत्यक्ष मार्ग यांतला फरक लिहावा, कारण तोच आजचा प्रवाह आणि वारा सांगतो. मार्गावरचा बिंदू हाताने टाकला असेल तर दुसऱ्याने तो वाचून पडताळावा. आणि बोयाच्या अचूक जागेवर असा बिंदू कधीही ठेवू नये, कारण त्याच बोयावर नेमके जाऊन आदळलेल्या नौका आहेत.

सहावी पायरी : रडार, एआयएस आणि इलेक्ट्रॉनिक नकाशा

या तिन्हींत रडारचा दर्जा वेगळा मानावा, कारण ते स्वतः पाहते. त्याचे अंतर दिशेपेक्षा अधिक विश्वासार्ह असते, कारण किरणाची रुंदी लहान टोकालाही दोनेक अंश पसरट करून दाखवते. म्हणून तीन ठळक टोकांची अंतरे घेऊन त्यांच्या कंसांचा छेद हे रडारवरचे सर्वोत्तम स्थान. उतरत्या वाळूच्या किनाऱ्यापेक्षा उभा कडा निवडावा. सखल किनारा पुढे असूनही रडारवर उमटत नाही आणि आतली टेकडीच किनारा वाटते.

समांतर रेषेची युक्ती याहूनही उपयोगी आहे. एखादे टोक उजवीकडे दोन मैलांवरून ओलांडायचे असेल, तर रडारच्या पडद्यावर आपल्या मार्गाला समांतर आणि केंद्रापासून दोन मैलांवर रेषा आखावी. त्या टोकाचा ठिपका रेषेवरूनच मागे सरकत असेल तर आपण मार्गावर आहोत. तो रेषेच्या आत येऊ लागला तर आपण टोकाच्या फार जवळ जात आहोत. यात जीपीएसचा काहीच हात नाही, आणि उत्तर क्षणोक्षणी मिळते.

एआयएस, म्हणजे जहाजांची स्वयंचलित ओळख यंत्रणा, इतर जहाजांची नावे, दिशा आणि वेग सांगते. आंतरराष्ट्रीय सफरीवरील ३०० टनभाराच्या आणि त्याहून मोठ्या जहाजांवर तसेच सर्व प्रवासी जहाजांवर ते अनिवार्य आहे. पण त्यातले स्थान त्या जहाजाच्या उपग्रह ग्राहकावरून येते, आणि मासेमारीच्या कितीतरी होड्यांवर ते नसतेच. म्हणून टक्कर टाळण्याचा निर्णय एआयएसवर घेऊ नये. समोरच्या जहाजाची होकायंत्रावरील दिशा बदलत नसेल आणि अंतर घटत असेल, तर टक्करीचा धोका आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील ही कसोटी कोणत्याही पडद्याशिवाय वापरता येते, आणि त्याच नियमांतील पाचवा नियम डोळ्यांनी व कानांनी पहारा ठेवण्याची अट उपकरणांच्या आधी घालतो.

इलेक्ट्रॉनिक नकाशाची पूर्ण यंत्रणा, म्हणजे एक्डिस, मोठ्या जहाजांवर २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तिच्यात सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे सुरक्षित खोलीच्या रेषेचा. १३ मीटर आकडा दिला आणि नकाशात १० व २० मीटरच्याच रेषा असतील, तर यंत्रणा २० ची रेषा धरते. मग पडदाभर धोक्याचा रंग दिसू लागतो, माणूस कंटाळून आकडा कमी करतो किंवा घंटा बंद करतो, आणि तेथून पुढे ती यंत्रणा नुसते चित्र उरते. दुसरा धोका नकाशा लहान करून पाहण्याचा. २०१४ मध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतील ‘टीम व्हेस्टास विंड’ ही नौका हिंदी महासागरातील कार्गाडोस काराजोस या प्रवाळभित्तीवर आदळली. तो धोका पुरेसा मोठा करून न पाहिल्यास नकाशावर ठळक दिसत नव्हता. म्हणून आखलेला संपूर्ण मार्ग एकदा मोठ्या प्रमाणावर, टोकापासून टोकापर्यंत, डोळ्यांखालून घालावा. यंत्रणेची स्वयंचलित तपासणी त्यानंतर करावी, त्याऐवजी नव्हे.

सातवी पायरी : आकाश

अरबी नाविक हिंदी महासागरात कमाल नावाची लाकडी पाटी वापरत. तिच्या मध्यातून ओवलेल्या दोरीला एकेका बंदरासाठी एकेक गाठ असे. गाठ दातांत धरून पाटीची खालची कड क्षितिजावर आणि वरची ध्रुवताऱ्यावर आली, की त्या गाठीचे बंदर त्याच अक्षांशावर असे. पंधराव्या शतकात ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून तीन अंशांहून अधिक दूर होता आणि ते नाविक त्याचीही दुरुस्ती करत. आज तो एका अंशाहूनही जवळ आहे. उत्तर गोलार्धात त्याची उंची म्हणजे साधारण आपला अक्षांश, हे कोणत्याही उपकरणाविना हाताच्या वितीने पडताळता येण्याजोगे ज्ञान आहे.

हॅडलीने १७३१ मध्ये दाखवलेल्या परावर्तनी उपकरणातून पुढे सेक्स्टंट हे सूर्य-ताऱ्यांची कोनीय उंची मोजण्याचे उपकरण घडले. शिकण्याची सुरुवात मध्यान्हीच्या सूर्यापासून करावी. सूर्य सर्वांत उंच येण्याच्या दहा मिनिटे आधीपासून त्याची खालची कड क्षितिजाला टेकवत राहावे, आणि चढणे थांबले की आकडा वाचावा. समजा ५८ अंश २०.२ कला आले. उपकरणाची चूक २.० कला वजा करून ५८ अंश १८.२. डोळा ४ मीटर उंच असल्याने क्षितिज खाली दिसते, त्याची दुरुस्ती ३.५ कला वजा करून ५८ अंश १४.७. सूर्याची त्रिज्या, प्रकाशाचे वक्रीभवन इत्यादींची पंचांगातील एकत्रित दुरुस्ती १५.३ कला मिळवून ५८ अंश ३०.०. हे ९० मधून वजा केले की ३१ अंश ३०. सूर्य आपल्या दक्षिणेला आणि त्याची क्रांती १२ अंश १० कला उत्तर असेल, तर दोन्हींची बेरीज म्हणजे ४३ अंश ४० कला उत्तर हा आपला अक्षांश. हलत्या लहान नौकेवर सुरुवातीला पाचदहा मैलांची चूक होते. सरावाने ती दोनतीन मैलांवर येते.

रेखांशासाठी घड्याळ लागते. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणून घड्याळाची चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एका कलेची चूक. इंग्रज घड्याळजी हॅरिसनच्या एच-४ या घड्याळाने १७६१-६२ च्या जमैका सफरीत हे काम साधता येते हे दाखवले. आज साधे क्वार्ट्झ घड्याळ पुरते, मात्र ते रोज रेडिओच्या वेळेशी ताडून त्याची रोजची चूक लिहून ठेवावी लागते आणि घड्याळ मधे मधे जुळवत बसायचे नसते.

आठवी पायरी : जमीन गाठणे

अनेक दिवसांच्या सफरीनंतर लहान बेट नेमके समोर धरू नये. मुद्दाम एका बाजूला, चुकीच्या संभाव्य मर्यादेहून जास्त, सरकून जावे. म्हणजे बेटाचा अक्षांश आला तरी जमीन दिसली नाही, तर कोणत्या हाताला वळायचे याची शंका उरत नाही. पॅसिफिकमधील नाविक बेटालाच नव्हे तर बेटाभोवतीच्या खुणांच्या मोठ्या वर्तुळाला लक्ष्य करत : संध्याकाळी एका दिशेने परतणारे पक्षी, इतर ढग पुढे सरकत असताना जागीच थांबलेला ढग, बेटाला वळसा घालताना वाकलेल्या लाटा. १९७६ मध्ये माउ पियाइलुग यांनी ‘होकुलेआ’ ही दुहेरी होडी हवाईहून ताहितीला कोणत्याही उपकरणाविना नेली ती याच ज्ञानावर. ते एका पुस्तकातून शिकता येत नाही, पण पहाऱ्यावर असताना मुख्य लाट कोणत्या बाजूने येते हे ध्यानात ठेवणे कोणालाही जमते. रात्री नौकेचे डोलणे बदलले, तर दिशा बदलली असण्याची शक्यता असते, आणि हे होकायंत्राकडे पाहण्याआधी पाठीला कळते.

नववी पायरी : जीपीएस गेल्यावरची पहिली दहा मिनिटे

आधी घड्याळातील वेळ, वेगमापकावरील अंतर आणि शेवटचे पडताळलेले स्थान लिहावे. शेवटचे दिसलेले स्थान नव्हे, कारण बिघाड आधीच सुरू झालेला असू शकतो. मग कोणकोणती उपकरणे त्या संकेतावर अवलंबून आहेत ते मोजावे : इलेक्ट्रॉनिक नकाशा, एआयएस, रडारवर चढवलेला नकाशा, स्वयंचलित सुकाणूचा मार्गानुसरण विभाग आणि व्हीएचएफ रेडिओवरील संकटसंदेशाचे स्थान. सुकाणू केवळ दिशा धरण्यावर आणावे. रडारवरून किंवा खुणांवरून लगेच एक स्थान घ्यावे, खोली ताडावी, आणि जवळ धोका असेल तर वेग कमी करावा. त्यानंतर कागदावर अंदाजी गणना सुरू करून दर अर्ध्या तासाने, किनाऱ्याजवळ दर दहा मिनिटांनी, नवे स्थान आखावे.

हे सर्व प्रथमच करण्याची वेळ वादळी रात्री येऊ नये. आठवड्यातून एकदा, मोकळ्या पाण्यात आणि चांगल्या हवेत, जीपीएसचा पडदा फडक्याने झाकून तासभर वर सांगितलेल्या साधनांवर चालावे. तासाअखेर फडके काढून दोन्ही स्थानांतील अंतर आणि दिशा नोंदवहीत लिहावी. चार-पाच आठवड्यांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या की फरक नेहमी एकाच बाजूला पडतो की विखुरतो ते दिसते. एकाच बाजूला पडत असेल, तर होकायंत्राचा विचलनाचा तक्ता नव्याने करायला घ्यावा.